माझ्या आवाजावर धरून ठेवलेले शेअर

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे. नाव तोंडात बसत नसेल तर सोडून द्या, घरात मला सगळे 'वाफेचे मशीन' म्हणतात. दम्याने ज्याची छाती आवळते, त्याच्या छातीत औषधाची वाफ सोडणे हे माझे काम. चपलांच्या खोक्याएवढा माझा देह, वर धरायला मूठ, पुढे एक नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. एके काळी मी पांढरा होतो. आता माझे झाकण कोपऱ्यात फुटलेले आहे, ते काळ्या चिकटपट्टीने बांधले आहे आणि पट्टीच्या कडेला एक तपकिरी डाग आहे. तो औषधाचा नाही. रक्ताचा आहे, आणि तो कसा पडला तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझे बालपण मार खाण्यात गेले. आमच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई बसत. त्यांना सगळे दणकेबाई म्हणत. त्या आम्हांला एकेकाला चालू करत, उचलत आणि टेबलावरून खालच्या सिमेंटवर सोडून देत. पडल्यावर जो थांबला, तो भंगारात. माझ्या शेजारचा थांबला. त्याला त्यांनी मुठीला धरून असा भिरकावला की पिंपात त्याचे तुकडे वाजले. मग माझी पाळी. मी पडलो, माझी हाडे खिळखिळी झाली, पण मोटर थांबू दिली नाही. दणकेबाईंनी माझ्या पाठीवर खाडकन थाप मारली.

"हा माणसाच्या छातीला लागणार आहे," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. "इथं रडला तर चालेल. तिथं रडला तर माणूस जाईल."

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज त्या भेटल्या तर मी त्यांचे पाय धरीन.

पुढे मी एका औषधाच्या दुकानात धूळ खात पडलो होतो. एका दुपारी एक तरुण धावत आला. अंगभर लाकडाचा भुसा, डोळे तांबडे. त्याने मला छातीशी धरले आणि तो तसाच पळत सुटला. सुतारकामाची एक मोठी शेड होती आणि शेडच्या मागे घर. तिथे जमिनीवर एक बाई बसल्या होत्या. श्वास घेण्यासाठी त्या अंगातली सगळी ताकद लावत होत्या. गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या, ओठ निळे पडले होते, नखांनी त्यांनी चटई फाडली होती. तरुणाने माझे खोके दातांनी फाडले. मी सुरू झालो, वाफ गेली, आणि थोड्या वेळाने त्या बाई रडल्या. रडण्याइतका श्वास त्यांना मिळाला, याचाच त्या घराला आनंद झाला.

त्या वहिनी. तो तरुण त्यांचा धाकटा दीर. आणि वहिनींचे मालक म्हणजे दादा, शेडचे कर्ते. दादांनी करवती आणि पटाशांच्या वर माझ्यासाठी खास फळी ठोकली. माझ्या पोटात हवा शिरते तिथे स्पंजाची एक छोटी गोल चकती असते. ती भुशाने भरते. दर आठवड्याला ती काढून धुण्याचे काम धाकट्याने आपणहून घेतले. रंध्याच्या पात्याला धार लावताना तो जितका जीव ओतायचा, तितकाच जीव तो त्या चकतीवर ओतायचा. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो.

मग औषधवाला शेडमध्ये येऊ लागला. तो म्हणाला, "दादा, हे मशीन बनवणारी कंपनी बाजारात आहे. शेअर घेता येतात."

शेअर म्हणजे काय, हे दादांना तेव्हा धड माहीतही नव्हते. कंपनीचा चिमूटभर तुकडा विकत घ्यायचा आणि कंपनी वाढली की तुकडाही वाढतो, एवढे त्यांना कळले. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले आणि मांडीवर हात मारला. "ज्या कंपनीच्या मशीननं माझी बायको मरणाच्या दारातून ओढून आणली, ती कंपनी कशी बुडेल?"

घरातली शिल्लक गेली. धाकट्याने स्वतःची यंत्र-करवत घेण्यासाठी साठवलेले पैसेही त्याच वाटेने गेले. "दादा, तुला पटतंय ना? मग झालं," एवढेच तो बोलला. शेअर दादांच्या नावावर, दादांच्या फोनमध्ये. औषधवाल्याने घेतलेच होते. वहिनींच्या ओळखीचे एक पेन्शनर काका रोज लाकडी तुकडे न्यायला येत, त्यांनीही घेतले. भाव चढत होता तोवर माझ्यावर कुणी धूळ बसू देत नव्हते. पेन्शनर काका तर जाता-येता मला हात लावून जायचे.

भाव पडू लागला तेव्हा बातम्या आल्या की कंपनीची नवी मशीन दवाखाने परत पाठवत आहेत. रोज दुपारी ही मंडळी फळ्यांच्या ढिगावर बसून भांडू लागली. आधी आवाज चढले, मग हात उठले.

"पडलाय तोवर अजून घ्या," औषधवाला म्हणायचा. "आपल्या खरेदीची सरासरी खाली येते."

"सरासरी! मागच्या वेळीही हेच बरळलास तू!" काकांनी एकदा त्याची गळपट्टी धरली आणि त्याला पाठीमागच्या दारांच्या चौकटींवर आदळले. "माझं म्हातारपण खाल्लंस! दात पाडीन तुझे!" औषधवाल्याने काकांच्या पोटात गुडघा मारला. चहाचा पेला भिंतीवर फुटला आणि काचा भुशात विखुरल्या.

अशा वेळी दादा काय करत, माहीत आहे? ते फळीवरून मला उतरवत आणि सुरू करत.

"गप्प बसा सगळे! ऐका! हा आवाज ऐका!"

माझा आवाज खणखणीत होता. सगळे एकमेकांची मानगूट सोडून ऐकत राहत. मग काका कपडे झटकत म्हणत, "मशीन मात्र बोलतं, यात वाद नाही." झाले. त्या दिवशी कुणी शेअर विकत नसे. माझ्या पोटात औषध नाही, मास्कमागे माणूस नाही, आणि मी तिथे नुसता हवेत घुरघुरत असे. माझ्या एकट्याच्या आवाजावर ही माणसे कंपनीची परीक्षा घेत होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, "अरे, मला दणकेबाईंनी आपटून पाहिलंय! नव्यांना कुणी आपटलंय का, ते विचारा!"

ते धाकट्याने विचारले. तो औषधवाल्याच्या दुकानातून एक नवे कोरे मशीन घेऊन आला. माझ्याच कंपनीचे, माझ्याच नावाचे. माझा धाकटा भाऊच म्हणा ना. त्याने आम्हां दोघांना शेजारी ठेवून सुरू केले. माझ्या भावाचा आवाज थोड्याच वेळात घोगरा झाला. मग तो तापला, त्याच्या पाठीतून जळका वास आला आणि तो बंद पडला.

"बघितलंस, दादा?" धाकटा म्हणाला. "कंपनी आता हे विकतेय. आज विकून टाक. माझे तरी विक."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लाकडी मोगरी उचलली. मला वाटले, आता धाकट्याचे काही खरे नाही. पण पहिला घाव माझ्या भावावर पडला. दुसऱ्या घावाला त्याचे झाकण उडाले, तिसऱ्याला मोटर बाहेर आली. दादा दातओठ खात मारतच राहिले. प्लॅस्टिकचा एक तुकडा उडून काकांच्या गालात रुतला आणि ते किंचाळले. जमिनीवर नुसता चुरा उरला, तेव्हा कुठे दादा थांबले. शेडमध्ये एकटा मी चालू होतो.

"आता कुणाचा आवाज येतोय?" दादांनी धापा टाकत विचारले. "सांगा ना! कुणाचा येतोय?"

मला त्या क्षणी बंद पडावेसे वाटले होते, पण आपणहून बंद पडणे आमच्या जातीला जमत नाही.

काका आणि औषधवाला त्यानंतर शेडमध्ये फिरकले नाहीत. दोघे भाऊ मात्र एकाच शेडमध्ये, एकाच कामाच्या बाकावर, एकमेकांकडे न बघता काम करत राहिले. कंपनीने एक कारखाना बंद केल्याची बातमी आली, तो दिवस मी कधी विसरणार नाही. बाजार उघडताच धाकटा दादांसमोर उभा राहिला.

"दादा, फोन दे."

"नाही देत. चढेल तो."

"माझे पैसे आहेत त्यात!"

"तुला अंगाखांद्यावर खेळवलं मी, आणि आता माझं-तुझं करतोस?"

धाकट्याने फोनवर झडप घातली. दादांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो लाकूड टेकवून कापायच्या घोड्यावर जाऊन पडला. त्याच्या ओठातून रक्त आले. तो उठला आणि डोके खाली घालून दादांच्या पोटात घुसला. दोघे भुशात लोळले. दादांनी त्याचा गळा आवळला. धाकट्याचा चेहरा काळवंडला, तो हात वर करून चाचपडू लागला, आणि त्याच्या हाताला माझी खाली लोंबणारी वायर लागली. मी फळीवरून खाली आलो. माझी मूठ त्याच्या मुठीत आली. त्याने मला उचलले आणि दादांच्या डोक्यात घातले.

मित्रांनो, श्वास देण्यासाठी मला बनवले होते. हाडावर आपण आपटलो की कसे वाटते, ते मला त्या दिवशी कळले. दादांची पकड सुटली. त्यांच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि ती त्या घावाने फुटलेल्या माझ्या झाकणातून थेट स्पंजात उतरली. धाकट्याने पुन्हा हात उगारला होता.

"भाऊजी!"

वहिनी दारात उभ्या होत्या. मारामारीत उडालेला भुसा सगळ्या शेडमध्ये धुक्यासारखा भरला होता. त्या पुढे धावल्या, पुन्हा काही बोलायला गेल्या, पण शब्द आला नाही. छातीतून नुसती शिट्टी आली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांची नखे जमिनीत रुतली.

"मशीन," दादा रक्तातून बोलले. "अरे, मशीन लाव!"

धाकट्याने मला खांबावरच्या सॉकेटला जोडले. औषध घातले, मास्क लावला. मी सुरू झालो नाही. मला सुरू होता येईना. माझ्या आत काहीतरी सटकले होते. वहिनींचे ओठ निळे पडू लागले. धाकटा मोठमोठ्याने रडत होता. "चल ना रे, चल ना," म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग दुसरी मारली, पहिलीपेक्षा जोरात.

ती थाप दणकेबाईंची होती. तशीच होती, मित्रांनो. माझी मोटर थरथरली आणि फिरली.

झाकण निखळत होते, म्हणून धाकट्याने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. दादांनी एका हाताने स्वतःचे कपाळ आणि दुसऱ्याने वहिनींच्या तोंडावरचा मास्क धरला. वहिनींचा श्वास परत येईपर्यंत दोघांपैकी कुणी हात काढला नाही. फोन शेजारी भुशात पडला होता. बाजार एका दिवसात भाव जितका पडू देतो, तितका पडून शेअर त्यावर अडकून बसला होता आणि विकत घेणारे कुणीही नव्हते. ज्यावरून एवढे रक्त सांडले, ते त्या दिवशी विकता आलेच नसते.

तुम्हांला वाटेल, इथे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले असतील. तसे झाले नाही. कपाळाचे टाके ओले असतानाच दादांनी शेडच्या मधोमध फळ्या ठोकल्या. एकेक खिळा ते असा मारत होते की जणू कुणाला तरी ठार करताहेत. धाकटा पलीकडच्या अर्ध्या भागात राहू लागला. शेअर दादांच्या फोनमध्ये पडून राहिले, त्यांची किंमत आता कुणी बघत नाही.

माझी किंमतही कुणी बघितली नाही. मला चिकटपट्टी बांधली आणि फळीवर ठेवले. माझा स्पंज मात्र कुणी धुतला नाही. त्यात दादांचे रक्त वाळून कडक झाले, त्यावर भुसा बसला. वहिनींना मी जो श्वास देत होतो, तो त्या रक्तातून गाळून जात होता. वाफ रोज पातळ होत चालली होती, आणि मी फक्त घुसमटत होतो.

परवा दुपारी वहिनींनी मास्क काढला, माझे झाकण उघडले आणि स्पंज बाहेर काढला. तो हातात घेऊन त्या फळ्यांच्या भिंतीशी गेल्या. खाली एक फट आहे. त्यांनी तो फटीतून पलीकडे सरकवला.

"भाऊजी, स्पंज धुवायचा राहिलाय."

पलीकडची करवत थांबली.

दादा ताडकन उठले. "त्याला काय सांगतेस? मी धुतो! आण इकडे!"

"श्वास माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "कुणी धुवायचा ते मी ठरवीन."

दादांनी हातोडा उचलला आणि सगळ्या ताकदीने भिंतीवर फेकून मारला. एक फळी उभी चिरली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पलीकडे नळ सुरू झाला. दादांनी खिळे उपटायचा अंबूर फेकला, मग मोगरी फेकली. नळ चालूच राहिला. तो बराच वेळ चालू होता. मग फेकायला हाताशी काही उरले नाही, तेव्हा दादा खाली बसले.

चिरलेल्या फळीतून एक ओला हात आत आला. त्यावर स्पंज होता. "सावलीत वाळवा वहिनी. उन्हात कडक होतो," असा आवाज आला. वहिनी पुढे झाल्या नाहीत. त्या दादांकडे बघत राहिल्या. तो हात तसाच फळीतून पुढे थांबला होता, त्यातून पाणी ठिबकत होते. शेवटी दादा उठले आणि त्यांनी तो स्पंज घेतला.

मित्रांनो, स्पंजावरचा डाग अजून गेलेला नाही, फिकट झाला आहे. वाफ पुन्हा दाट येते आहे. पण माझी मोटर आता थकली आहे, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे राग अजून जिवंत आहेत, ते मला इथून ऐकू येतात. म्हणून तुम्हांला हात जोडून सांगतो. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याच्या आवाजावर पैजा लावू नका आणि भांडणात ते हातात घेऊ नका. त्याचा स्पंज धुवा, सावलीत वाळवा, आणि ज्याच्या श्वासासाठी ते आणले आहे त्याच्या उशाशी ठेवा. मी आपटूनही एकदा चाललो. पुढच्या वेळी चालेनच असे नाही.