मऊबाईची पाळी

बाहुल्यांच्या कारखान्यात तिला सगळे मऊबाई म्हणत. स्वभावामुळे नव्हे, त्या बाबतीत ती बाभळीचा काटा होती. नाव पडलं ते हातांमुळे. मिक्सिंगच्या खोलीत प्लास्टिकच्या भुकटीत तेल ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायच्या, मग बाहुलीचे गाल दाबले की दबतात. त्या तेलाने हातही लोण्यासारखे राहत. बाया बाटली भरून घरी नेत. मऊबाईने तर लेकीच्या भेगाळलेल्या टाचांना दहाव्या वर्षापासून तेच चोळलं होतं. फुकट ते पौष्टिक!

लेक एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मऊबाईने वशिला लावून तिलाही त्याच खोलीत आणलं. पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं, इथे स्टूल मिळतं. शिवाय खोलीची ख्याती होती. "इथे कामाची पाळी चुकली तर बोलणी बसतात," बाया खिदळत, "अंगाची चुकली तर आपलीच सुटका!" तिथे कित्येकींची महिनोन्महिने येत नसे आणि त्याला त्या चक्क बक्षीस समजत. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

लग्नानंतर लेकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. पुढे काहीच होईना. तेव्हा मऊबाई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"पाळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लेकीने तोंड उघडायच्या आत मऊबाई म्हणाली, "छे हो! सात वर्षांत एक पाळी चुकवली नाही पोरीने. ताप अंगावर काढून गेलीय."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. लेकीची मान खाली गेली.

"आई, डॉक्टर कामाची पाळी विचारत नाहीयेत." मग ती हळूच म्हणाली, "चौदा महिने आली नाही."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? आपल्या खोलीत कुणाला वेळेवर येते?"

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. सव्वीस वर्षांच्या पोरीचे बीजकोष पन्नाशीच्या बाईसारखे झाले होते. स्वतःचं मूल होण्याची आशा जवळजवळ नव्हती. तेलाबद्दल ऐकून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "अशी रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबूड करतात. सगळा दोष त्यांचाच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आजपासून त्याला हात लावू नका. किती वर्षं संबंध आला?"

"सात," लेक म्हणाली.

"सोळा," मऊबाई म्हणाली, आणि तिथेच हुंदका फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने कपड्यांच्या साबणाने हात घासले, लाल होईपर्यंत घासले. मेले मऊ ते मऊच. रिपोर्टसाठी माहेरी राहिलेली लेक अंथरुणातून बघत होती.

"नको गं घासूस. तुला तरी काय माहीत होतं?" तिने पाय पुढे केले. "ये, बस जरा. पाय दाब. तुझ्या हातांनी बरं वाटतं."

पोरीने शिव्या दिल्या असत्या तर मऊबाईला सोसल्या असत्या. हे सोसवेना. ती पायाशी बसली, पण हात काही पुढे होईनात.

लांब कारखान्याचा भोंगा वाजला.

"आई, जा तू," लेक सवयीने म्हणाली, "पाळी चुकेल."

शब्द तोंडातून गेला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"चुकू दे," मऊबाई म्हणाली.