जालन्याला पोचलेला सूर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, वाजवायची. पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं आणि जालन्याच्या सुनंदाबाई साळवे यांनी लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला मला घरी आणलं. बाई शाळेत शिकवत आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात पुढच्या बाकावर बसत. डिसेंबर लागला की आम्हा दोघींना उसंत नसे. घरोघर गीतं म्हणत फिरताना मला कधी कुणाच्या ओट्यावर ठेवत, कधी बाजेवर. करंजी खाल्लेला तुपकट हात कुणी माझ्या पट्ट्यांना लावला, तर बाई त्याला चांगलंच झापत. मला ते फार आवडायचं. थोडा ताठा माझ्यात आहेच.

पुढे बाईंची बोटं आखडली. तेव्हा त्यांनी मला मुलाकडे, मुकुलकडे, बेंगळुरूला पाठवलं. प्रवासात माझा भाता फाटला. चिकपेटच्या एका बोळात बिंदुमाधव नावाचे कारागीर होते, पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेले मराठी. "स्वल्प धूळ बसलीय, अण्णा. भाता बदलला की सरी होईल," असं कानडीमिश्रित मराठीत म्हणून त्यांनी मला नीट केलं. नंतर हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये माझी रवानगी थेट कपाटावर झाली आणि माझ्या डोक्यावर एक बॅग आली. त्या बॅगेचा राग मला अजून आहे.

पण डिसेंबरात मात्र मला खाली काढत. नाताळापर्यंत दर रविवारी संध्याकाळी मुकुल फोन समोर उभा करी, मी वाजे आणि तिकडे जालन्यात बाई गात. मायलेकांचा हा नेम होता. पडद्यावर बाई दिसल्या की माझा सगळा रुसवा पळून जाई.

गेल्या वर्षी मात्र गाणं जमेना. "आई, मागे पडतेस गं," मुकुल म्हणे आणि तिच्यासाठी हात सावकाश करी. तो सावकाश झाला की बाई आणखी सावकाश होत. शेवटी गीत पार रेंगाळून जाई. मुकुल हसून म्हणे, "असू दे, वयच झालंय आता तुझं." तो प्रेमानेच म्हणे, पण बाई गीतांचं पुस्तक मिटून ठेवत.

यंदा पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, "तूच वाजव रे. मी ऐकते. माझा ठेका गेला आता. चर्चमध्येही मी मागच्या बाकावर बसते. उगाच सगळ्यांची लय बिघडायला नको."

मला रडूच आलं असतं. पण पेटीला कुणी दाबल्याशिवाय आवाज काढता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मुकुलची बायको कस्तुरी एका लग्नासाठी जालन्याला गेली होती. तिने सासूबाईंना गळ घातली, "आई, एकच कडवं. माझ्यासाठी." बाई नाही नाही म्हणत गायल्या.

"बघ, पुन्हा मागे," मुकुल इकडून म्हणाला.

"कुठे मागे?" कस्तुरी म्हणाली. "मी शेजारी बसलेय ना! आई अगदी पेटीबरोबर आहेत. तूच मधेच हळू होतोयस."

मुकुलची बोटं माझ्यावर तशीच थांबली. गेल्या वर्षापासून फोनचं नेटवर्क मंदावलं होतं. माझा सूर जालन्याला पोचायला क्षणभर लागत होता आणि बाईंचा आवाज परत यायला आणखी क्षणभर. बाई कधीच मागे पडल्या नव्हत्या. पण एका वेळी एकालाच पेटी आणि गाणं जुळून ऐकू येणार होतं. आईला, नाहीतर मुलाला.

नाताळच्या सकाळी मुकुलने फोन समोर ठेवला आणि त्यातून येणारा आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर बाईंचे ओठ हलताना दिसले, तसे त्याने डोळेही मिटले. मग सरळ, न थांबता, त्याने चारही कडवी वाजवली. आईच्या गाण्यातला एक शब्दही त्याला ऐकू आला नाही. माझ्या पट्ट्यांवर मात्र पाणी पडत होतं.

संपल्यावर त्याने आवाज सुरू केला. बाई धापा टाकत हसत होत्या. "आज कसा नीट वाजवलास रे! पूर्वीसारखं झालं अगदी. कसं वाटलं तुला?"

"छान, आई," मुकुल म्हणाला. "पुढच्या रविवारी पुढच्या बाकावर बस."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ पुसा, आमच्या डोक्यावर बॅगा ठेवू नका, हे तर सांगायचं आहेच. पण तुमची आई लांब असेल आणि तिचं उत्तर जरा उशिरा आलं, तर ती मागे पडली असं लगेच म्हणू नका. कदाचित ती तिकडे तुमच्याबरोबरच गात असेल.