वाणाचे कॅन

ऋजुताने केसरबाईच्या घरातला पाण्याचा निळा कॅन उचलून उजेडात धरला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"इथं खरखरीत का लागतंय? काहीतरी खरवडलेलं दिसतंय."

उंबऱ्याशी बसलेल्या वत्सलाबाईंनी पदर सारखा केला. खरं तर तो जागेवरच होता.

ऋजुता पुण्याहून पाहणीसाठी आली होती. घरातलं प्लॅस्टिक कुठून आलं, त्यात काय ठेवतात, कुणाला काही त्रास झाला का, हे ती घरोघर लिहून घेत होती. महिला दूध संस्थेच्या चेअरमनबाई म्हणून वत्सलाबाई तिला सकाळपासून गावभर मिरवत होत्या. पण चार घरांत चार निळे कॅन निघाले आणि पाचव्या घरी येईस्तोवर बाईंची बडबड पार आटली.

"ते तसंच आलतं," केसरबाई चहा गाळता गाळता वत्सलाबाईंकडे मान करून म्हणाली. "अक्कांचं वाण हाय. दुष्काळात लुटलं व्हतं. लोकं संक्रांतीला आरसे, डब्या देतेत. आमच्या अक्कांनी चाळीस बायांला पाण्याचे कॅन दिले!"

त्या साली संक्रांतीलाच टँकर सुरू झाला होता, तोही चार दिवसांआड. साठवायला भांडी पुरत नव्हती. संस्थेच्या शेडमागे दुधाचं मशीन धुण्याच्या औषधाचे रिकामे कॅन पडले होते. वाण मात्र कोरं हवं. वापरलेलं सवाशिणीच्या पदरात कसं घालायचं? म्हणून वत्सलाबाईंनी दोन दुपारी घरात बसून, सुरी तापवून, एकूण एक लेबल खरवडलं होतं. लेबलावर कवटीचं चित्र होतं. राख लावून त्यांनी कॅन तीनदा धुतले. वास गेला, असं त्यांना वाटलं. म्हणजे तसं त्यांनी वाटून घेतलं. गावाने मात्र त्यांना डोक्यावर घेतलं.

"आधी ह्यात काय होतं?" ऋजुताने विचारलं.

"काय असनार? कोरे व्हते," वत्सलाबाई म्हणाल्या. "बीडहून आनलते."

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांनी, आणि तेही कुणी आरोप केलेला नसताना, आपण असं सहज खोटं बोललो याची त्यांना लाज वाटली.

"सुरवातीला घसा लई जळायचा," केसरबाई सांगू लागली. "सासूबाईंच्या तोंडात तर फोड आलते. पंधरा दिस घास गिळंना. टँकरचंच पानी तसलं, बाई. अक्का बघायला आलत्या तवा टँकरवाल्याला काय शिव्या घातल्या त्यांनी!"

"मग कॅन टाकून का नाही दिला?"

"वाण हाय ते. सवाशिणीनं पदरात घातलेलं कुनी उकिरड्यावर टाकतं का?"

वत्सलाबाईंना वाटलं, आत्ता बोलावं. तोंड उघडलंही. पण केसरबाईने नेमका त्याच वेळी चहाचा कप हातात दिला, त्यांना आवडते तशी जास्त साखर घालून, आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ऋजुताने वहीचं पान उलटलं.

"आजच्या यादीत आता तुमचंच घर राहिलं, काकू. तुमचा कॅन कशासाठी वापरता?"

वत्सलाबाईंच्या वतीने केसरबाईच कौतुकाने बोलली.

"अक्कांकडं कुठला कॅन? त्यांनी त्याच टायमाला धारूरच्या बाजारातून दोन नवे हंडे आनलते की. मीच एक डोक्यावर घिऊन आलते."

बोलता बोलता ती थांबली. गाळणी हातात तशीच राहिली. तिने कॅनकडे पाहिलं, मग वत्सलाबाईंकडे.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "तुमी एकबी कॅन कावून ठिवला न्हाई?"

चहावर साय धरत होती. वत्सलाबाईंनी कप जमिनीवर ठेवला. मान काही वर झाली नाही.

"लिही, पोरी," त्या म्हणाल्या.