दोन क्लचच्या गाडीचं तेल

"माणूस काय आणि गिअरबॉक्स काय, दोघांची खरी परीक्षा आतल्या तेलावर होते," उस्तादांनी जाहीर केलं आणि लिफ्टवर चढवलेल्या लाल गाडीच्या पोटाखाली मान वर करून ते उभे राहिले. एखाद्या घुमटाखाली उभं राहावं तसे. त्याच क्षणी गाडीच्या पोटातून काळ्या तेलाचा उरलासुरला थेंब सुटला आणि त्यांच्या चष्म्यावर पडला.

"झाली परीक्षा," मेहुणा म्हणाला. "चिंधी देऊ का, दाजी?"

उस्तादांनी चिंधी डाव्या हातानं घेतली. उजवा हात खिशात होता. हल्ली तो बहुधा खिशातच असायचा.

मेहुणा म्हणजे उस्तादांच्या बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीच्या लग्नानंतर 'चार दिवस' म्हणून गॅरेजात बसायला आला, आणि आता त्याचेही केस पिकले तरी ते चार दिवस संपले नव्हते. इंजिन, ब्रेक, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, ही त्याची कामं. गिअरबॉक्सला मात्र उस्तादांखेरीज कुणाचा हात लागायचा नाही. लोक लांबून गाड्या घेऊन येत ते त्या हातासाठी.

तोच हात गेल्या हिवाळ्यात थरथरू लागला. थंडीनं होत असेल, असं उस्तादांना वाटलं. थंडी गेली, हात काही थांबला नाही. मग त्यांनी चहा अर्धा कप मागवायला सुरुवात केली. साखर कमी करायचीय, असं सांगत. त्या अर्ध्या कपात साखर पहिल्याइतकीच पडे, पण त्यावर कुणी बोललं नाही. बारीक स्क्रू ते डाव्या हातानं लावत आणि वेळ लागला की स्क्रूला शिव्या देत. हाताचं अजून कुणाला कळलेलं नाही, एवढाच काय तो आधार होता. कळलं की गिअरबॉक्स मेहुण्याकडे जाणार आणि आपण गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'बसा' म्हणणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मग काय ठरतंय?" प्लॅस्टिकच्या खुर्चीतून डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टर दातांचे. साठी कधीच उलटलेली. या वयात त्यांनी शर्यतीच्या जातीची गाडी घेतली आणि ओळखीच्या सगळ्यांना पुरेल एवढा विषय दिला. तिच्यात दोन क्लच. एक चालू गिअर धरून ठेवतो, तोवर दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला काही कामच नाही. दोन्ही क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या. म्हणजे ते तेल निसरडंही हवं आणि पकड घेऊ देणारंही हवं. इतक्या अपेक्षा लोक हल्ली जावयाकडूनही ठेवत नाहीत. तेल चुकलं तर चकत्या घसरणार, घसरल्या की जळणार, आणि मग अख्खा गिअरबॉक्स खोलून टेबलावर मांडावा लागणार.

त्या शेवटच्या कामाचा विचार उस्ताद सकाळपासून टाळत होते. म्हणूनच जुनं तेल केव्हाच निथळलं तरी नवं तेल अजून 'ठरत' होतं.

टेबलावर तीन बाटल्या होत्या. तिन्ही डॉक्टरांनी स्वतः आणलेल्या. एक गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या तेलाची, एक शर्यतवाल्यांची आणि एक 'सर्व गाड्यांना चालेल' असं छातीठोक सांगणारी.

"ह्या बाटल्या मी आत मांडणीवर ठेवतो," मेहुणा म्हणाला. "इथं धूळ बसतेय."

"बंद बाटलीत कसली धूळ? राहू दे."

"हे शर्यतीचं कसं आहे?" डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबल नाकाशी धरलं.

"चांगलं आहे. तुम्ही शर्यत लावणार?"

"कुणाशी?"

"तेच विचारतोय."

"डॉक्टरांना वेगच पाहिजे हो, दाजी," मेहुणा म्हणाला. "साठीनंतर एकेकाला आठवतो."

डॉक्टर हसले. हे त्यांनी बऱ्याच ठिकाणी ऐकलं असावं. हसणं वापरून गुळगुळीत झालेलं होतं.

"आणि हे सगळ्यांना चालणारं?"

"जे सगळ्यांना चालतं ते कुणाचंच नसतं," उस्ताद म्हणाले. मग जरा दमून स्टुलावर बसले. "गाडी नेमकं काय करते ते परत सांगा."

"हळू सोडली की थरथरते. वेग घेतला की काही नाही. थांबत थांबत जाताना मात्र अंगावर काटा आल्यासारखी."

खिशातला हात उस्तादांनी आणखी आत दाबला.

"दाजी, निदान कंपनीवाली बाटली तरी देता का? आत नेऊन जरा..."

"जरा काय? हळद लावणारेस तिला? तेल चढवायचा पंप बघ जा. आणि नळी पुसून आण."

मेहुण्यानं बाटलीकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि तो आतल्या खोलीत गेला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. उठले म्हणजे आधी त्यांनी टेबल धरलं, मग उजव्या पायावर भार टाकला आणि डावा पाय मागून ओढून घेतला.

"मुंग्या आल्या पायाला?" उस्तादांनी विचारलं.

"मुंग्या आल्या असत्या तर गेल्याही असत्या." डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "दीड वर्ष झालं. या पायानं क्लच दाबवत नाही. घरी माहितीये, बाकी कुणाला नाही."

"मग साधी ऑटोमॅटिक घ्यायची. एवढी भारी गाडी कशाला?"

"साधी घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं, पायाला काय झालं. ही घेतली तर म्हणतात, म्हाताऱ्याला मस्ती आलीय." डॉक्टर पुन्हा खुर्चीत टेकले. "मस्ती परवडली. पण फार दमवते हो. चारचौघांत ऐट राखायची म्हणजे पायापेक्षा तेच जड होतं."

उस्तादांनी टेबलावरचा चहाचा अर्धा कप डाव्या हातानं उचलला आणि घोट घेऊन परत ठेवला. वरचा पंखा रडतखडत फिरत होता.

"लोकांना वाटतं, मी आयुष्यभर दात बघितले," डॉक्टर म्हणाले. "दात नंतर. आधी दिसतात ते खुर्ची धरून बसलेले हात." मग अर्ध्या कपाकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "असो. तेलाचं सांगा."

"कंपनीवालं," उस्ताद म्हणाले. "दुसऱ्या कशाची गरज नाही. तेल जुनं झालं होतं, एवढंच. नव्यानं थरथर जाईल बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक. नाही गेली तर खोलू."

'खोलू' म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. त्याच भरात ते उठले, बाटली डाव्या हातात धरली आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.

झाकण फिरेना.

त्यांनी पुन्हा जोर लावला. हात अशी काही थरथर करू लागला की बाटलीचं बूड टेबलावर टकटक वाजायला लागलं. उस्तादांना नवल वाटलं. गेले कित्येक महिने एकाही बाटलीनं त्यांना असा त्रास दिला नव्हता. बोट लावलं की झाकण फिरायचं. कंपन्या हल्ली झाकणंसुद्धा धड घट्ट बसवत नाहीत, सगळाच माल उतरला, असं ते येईल त्याला ऐकवत आले होते. मेहुणाही दर वेळी मान डोलवून म्हणायचा, "खरंय दाजी, पूर्वीसारखं राहिलं नाही."

त्यांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. झाकणाखालची प्लॅस्टिकची कडी शाबूत होती. मांडणीवरच्या बाटल्यांची अशी शाबूत कडी शेवटची कधी पाहिली, ते त्यांना आठवेना. त्या बाटल्या मांडणीवर कोण लावतं, ते आठवायची गरज नव्हती.

मेहुणा पंप आणि नळी घेऊन दारात आला होता आणि तिथंच थबकला होता. उस्तादांची मान वळताच त्यानं नळीला डोळा लावला आणि आत फार काही बघण्यासारखं असल्यागत बघत राहिला. डॉक्टरांनी सकाळपासून पाठ झालेलं शर्यतीच्या तेलाचं लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

बाटली टेबलावर टेकताच टकटक पुन्हा सुरू झाली. उस्तादांनी हात खिशात घातला नाही. टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवला. दुसऱ्या हातानं बाटली मेहुण्याच्या दिशेनं सरकवली.

"हिचंही सैल करून दे," ते म्हणाले.