पंखावरची काळी पट्टी

सुज्ञ वाचकहो, जो पंख गाडीला उडवत नाही, उलट जमिनीशी जखडून ठेवतो, त्या पंखाची आणि तो बसवणाऱ्या एका माणसाची हकीकत मी यथामती निवेदन करीत आहे.

“पंखाचा बोल्ट चौथ्या भोकात घाल, तार्चिझियो,” संघाचे मालक झुकोली म्हणाले. “आज तुझा जावई मागे राहिला, तर पुढच्या शर्यतीत त्याच्या जागी दुसरा बसेल.”

मोंझाच्या मैदानावर तार्चिझियो एकतीस वर्षे शर्यतीच्या गाड्यांचे मागचे पंख बसवीत होता. बोल्ट दुसऱ्या भोकात असला की पंख उभा राही. वारा गाडीला दाबून धरी आणि वळणावर चाके रस्ता सोडीत नसत. पण सरळ रस्त्यावर तोच वारा तिला मागे ओढी. चौथ्या भोकात पंख जवळजवळ आडवा होई. मग गाडी बाणासारखी धावे, आणि वळणावर तिची पकड सुटे.

“सासरेबुवा, पाचवं भोक पाडता का?” लोरिस हसत म्हणाला. “इथं सगळे पंख आडवे करतात. मी एकट्यानं छत्री उघडून पळू?”

“शेवटचं वळण लांब आहे, बाबा. तिथं गाडी हलकी होते.”

“तिथं जरा गॅसवरचा पाय उचलीन.”

“तू? लग्नात पाद्रीसमोरसुद्धा पळतच आला होतास.”

लोरिस हेल्मेट आणायला गेला. लेक फिओरेंझाला आठवा महिना लागला होता. अडकित्त्यातील सुपारीसारखी तार्चिझियोची गत झाली. अखेर त्याने बोल्ट दुसऱ्या भोकात आवळला. प्रतिस्पर्ध्यांनी भोके मोजू नयेत म्हणून त्यांवर काळी पट्टी चिकटवण्याचा तिथला रिवाज. ती त्याने नेहमीप्रमाणे चिकटवली.

वळणावळणावर लोरिसची गाडी पालीसारखी चिकटून राहिली. सरळ रस्त्यावर मात्र एकामागून एक नऊ गाड्या तिला मागे टाकून गेल्या. झुकोलींनी लोरिसशी हस्तांदोलन केले आणि गाडीवरची त्याच्या नावाची पाटी उतरवली.

लोरिस गाडीचा निरोप घेण्यास आला. त्याने पट्टी सोलली. बोल्ट दुसऱ्या भोकात होता. तार्चिझियो पुसलेलाच पाना पुन्हा पुसत होता.

लोरिसने पट्टी परत लावली आणि तिची कड नखाने नीट दाबली.

“चला, सासरेबुवा. रिसोत्तो थंड झाला तर तुमची लेक दोघांनाही घराबाहेर काढील.”

घरी जाताना गाडी लोरिसनेच चालवली. प्रत्येक वळणावर त्याने पाय उचलला.

त्याच शेडमध्ये वीस वर्षे चाके पुसणारा, आणि हे वेडेवाकुडे लेखन गोड मानून घेणाऱ्या वाचकांचा ऋणी,
वामन खिलारे, मोंझा.