त्याच्या तोंडची माफी

कागेयामाचा आवाज फार गोड होता, आणि त्या गोडव्याची मला आजही चीड येते. मुक्या चित्रपटातली माणसं नुसते ओठ हलवतात. त्यांच्या तोंडी शब्द घालतो तो पडद्याशेजारी उभा राहणारा बेन्शी, आणि आमच्या थिएटरचा बेन्शी हाच कागेयामा. आमच्या ओसाकात लोक नटाला बघायला नाही, बेन्शीला ऐकायला यायचे. मी त्यांना बसायला आसनं भाड्यानं द्यायचे.

रंगाऱ्याची लेक सुए याच आवाजाला भुलून घर सोडून आली. लग्नाचं वचन ह्यानं दिलं तिला, आणि बोहल्यावर चढला थिएटरमालकाच्या मुलीबरोबर! पोरगी पडद्याखाली शामिसेनच्या तारा छेडून पोट भरत राहिली. घरी जायला तडफडायची, पण बाप दारात उभं करील की नाही याची धास्ती. शेवटी मीच तिच्या बापाला, किहाचीला, निरोप धाडून बोलावलं आणि पुढे बसवलं.

नेमका चित्रपटही तसाच लागलेला. घर सोडून गेलेली मुलगी बर्फातून बापाच्या दारी परत येते. कागेयामानं किहाचीला ओळखलं. पडद्यावरचा प्रियकर त्या मुलीला स्टेशनवर टाकून पळताना सगळ्यांनी धडधडीत पाहिलं होतं, तरी हा मेला तिच्या आवाजात गळा काढू लागला, "बाबा, त्या भोळ्या माणसाला मीच नादी लावलं हो! मला माफ करा!"

बायका बाह्यांनी डोळे पुसू लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

किहाची उठला. "सुए, चल घरी. केलं माफ."

शामिसेन थांबलं. "कशाबद्दल, बाबा?"

"आत्ताच म्हणालीस ना..."

"मी? मी तोंड तरी उघडलं का? माझ्या तोंडून तो बोलला! घर सोडल्याचं मला दुःख आहे, रोज रडते मी. पण त्याचं पाप माझ्या माथी घेऊन मी घरी येणार नाही."

"ए, वाजवणारीनं वाजवावं!" कागेयामा खेकसला.

"तू गप रे, पोपटा!" मी ओरडले. मागून दोघं-चौघं हसले.

किहाची लेकीकडे वळला. मग कागेयामाकडे पाठ करून पुन्हा आसनावर बसला.

"याचं ऐकून झालं, पोरी," तो म्हणाला. "आता तू सांग."