झुंबरबाईची मूठ

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडे असलेल्या त्या गावात उन्हाळा लागला की बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे दिवस येतात. ज्वारी भिजवायची, कांडायची, तिचा घट्ट चीक शिजवायचा आणि खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून त्यावर पातळ थापायचा. हे एकटीचं काम नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशा बाया एकमेकींना हाक मारून जातात. झुंबरबाईचा हात सगळ्यांत हलका, म्हणून पहिली हाक तिला असायची.

त्या सकाळी समोरच्या भागाबाईच्या अंगणात खाटा मांडल्या गेल्या, चूल पेटली, चिकाचा वास गल्लीभर आला. हाक आली नाही. झुंबरबाई हात धुऊन, पदर खोचून दारात उभी राहिली. गडबडीत विसरली असेल, असं वाटून ती आपणहून गेली, तशी अंगणातली बोलणी थांबली. भागाबाईच्या सुनेने आपल्या लहानग्या कामिनीला उचलून पदराखाली घेतलं. एक जण म्हणाली, आता जागा नाही. खाटेची एक बाजू सगळी रिकामी होती.

झुंबरबाई परत फिरली. दाराशी तिने तळहात मिटला आणि मुठीत फुंकर घातली. ही तिची जुनी सवय. तळहातावर भाजल्याचा मोठा डाग होता; उन्हात आणि चुलीपाशी तो अजून भगभगायचा. पलीकडून चार-पाच जणी त्या फुंकरीकडे टक लावून पाहत होत्या. का, ते तिला कळलं नाही.

कळणार तरी कसं? तिची एकुलती लेक कोकिळा टीव्हीच्या मालिकेत काम करत होती आणि तिनेच फोनवर सांगितलं होतं, माय, या वेळचं काम तू बघू नको, तुला आवडणार नाही.

नवरा गेल्यावर झुंबरबाईने लेकीला धुळ्याला शिकायला ठेवलं, तेव्हाच गावाने नाक मुरडलं होतं. कॉलेजात कोकिळा नाटकात शिरली. पंखे बंद असलेल्या सभागृहांत, पुढच्या रांगा भरल्या तरी खूश होणाऱ्या मंडळींबरोबर तिने कामं केली. मग मुंबई गाठली. तिथे कित्येक वर्षं ती चहाचा ट्रे आणणारी मोलकरीण होती, नर्स होती, एकदा तर चादरीखालचं प्रेत होती. आता कुठे नावाचं काम मिळालं, संध्याकाळच्या मालिकेतली डाकीण. दिग्दर्शक म्हणाला, भडक हसू नको, लक्षात राहील असं काहीतरी साधं आण. कोकिळाने डोळे मिटले आणि तिला आईचा हात आठवला. त्या डाकिणीने एका बाळाच्या गालावरून हात फिरवला, मूठ मिटली आणि तिच्यात हळूच फुंकर घातली. कॅमेऱ्यामागची माणसं शहारली.

गावाने ते पाहिलं तेव्हा भागाबाईच्या ओट्यावर कोणीतरी म्हणालं, “हाई त झुंबरबाईनी मूठ शे.” सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य निघालं तेव्हा कमी हसल्या. “मायनीच शिकाडं व्हई आंडेरले,” लेकीला आईनेच शिकवलं असणार, असं भागाबाई म्हणाली, आणि त्यानंतर कोणीच हसलं नाही.

मग लोकांना मागचं आठवू लागलं. तिने कुरवाळलेली म्हैस आटली होती. तिने ओटी भरलेली पोर माहेरी परत आली होती. झुंबरबाईच्या उंबऱ्याशी कापलेलं लिंबू दिसू लागलं. दुकानदार साखरेची पुडी तिच्या हातात न देता फळीवर ठेवून मागे सरकू लागला. संशय असा एका बाजूने थोडाच राहतो? झुंबरबाईच्याही मनात आलं, लेकीने मुंबईत काही वेडंवाकडं तर केलं नसेल, ज्याची शिक्षा गाव मला देतंय?

तेवढ्यात कामिनीला ताप आला. तो उतरेना. भागाबाईने लांबच्या गावचा भगत आणला. त्याने तांदळाचे दाणे पाहिले आणि सांगितलं, समोरची नजर आहे, जिने मूठ मारली तिनेच ती परत घ्यायला हवी. समोर एकच घर होतं.

याच दिवसांत गावाने कोकिळाचा सत्कार ठरवला होता. आईची सावली नको होती, पण लेकीबरोबरचा फोटो सगळ्यांना हवा होता. कोकिळा मुंबईहून गाडीने थेट मारुतीच्या पारावर उतरली. गावातले वडीलधारे अभिमन आबा यांनी शाल दिली, गावाचं नाव मोठं केलं म्हणाले. आई दिसत नाही, असं तिने विचारलं, तेव्हा आबांनी विषय बदलला. खालून तरुण पोरं ओरडली, “ताई, ती मूठ करी दखाडा ना.”

कोकिळाने हसत मूठ मिटली आणि फुंकर घातली. टाळ्या झाल्या. पण त्याच वेळी बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली आणि साऱ्या माना मागे वळल्या. मागे, न बोलावता, झुंबरबाई येऊन उभी होती. ऊन कडक होतं. तिनेही हात मिटून मुठीत फुंकर घातली.

भागाबाई कामिनीला घेऊन धावत तिच्या पायाशी पडली, मूठ परत घे म्हणून रडू लागली. चार बाप्ये पुढे सरसावले. कोणाच्या हातात काठी होती. कोकिळा पारावरून उतरून आईच्या पुढे उभी राहिली आणि आधी कामिनीच्या कपाळाला हात लावला. मग आबांना म्हणाली, आधी पोर दवाखान्यात, मग तुमचं काय ते. तीच गाडी साक्रीला गेली.

वाटेत तिने आईला विचारलं, हाताला काय झालं होतं?

“तू रांगत चुल्हामा जाई राहिनी व्हती,” झुंबरबाई म्हणाली. “तुले वढं, नि तापेल तवा हातमा उना.”

कोकिळाने तो हात धरला आणि साक्री येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. औषधाने ताप उतरला, पोर घरी आली. गाव काय म्हणालं? मूठ घेतली परत.

भागाबाई नारळ घेऊन झुंबरबाईच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. “बहीण, तू पोरले मोकयं करं. तुना उपकार शेतस.”

गल्ली बघत होती. कोकिळाला वाटलं, सुटलो. ती आईच्या कानाशी लागली, “माय, ली ले. नाटक समज.”

“नाटक तू कर,” झुंबरबाई म्हणाली. मग भागाबाईकडे वळली. “मी जे दिधंच नही, ते परत कसं लेऊ? आज हाऊ नारय लिधा, त उद्या गावमा कोनलेबी ताप उना की मनंच दार वाजी. डॉक्टरले दे जा.”

घेतला असता तर त्याच क्षणी भांडण मिटलं असतं. तिने घेतला नाही. कोकिळा खाली मान घालून उभी राहिली. ज्या भूमिकेने तिला नाव दिलं, ती नारळ घेतला असता तर तिच्या आईला जन्मभर करावी लागली असती, आणि आत्ताच ती स्वतः आईला ते काम देत होती.

त्याच दुपारी तिने साक्रीच्या पोलीस ठाण्यात भगताविरुद्ध तक्रार दिली. मुंबईला कळवलं, ती मूठ मी पुन्हा करणार नाही. मालिकेने दुसरी नटी घेतली. संध्याकाळी ती फुंकर अजून चालू आहे, आणि कोणत्या गावात कोणती बाई त्या वेळी दार लावून बसते, हे बघणाऱ्यांना दिसत नाही. कोकिळा आता डाकीण ठरवलेल्या एका बाईचं छोटं नाटक घेऊन चाळीसगाव, पहूर अशी गावोगाव फिरते. शेवटी ती हात उघडून दाखवते.

झुंबरबाई मुंबईला गेली नाही. उन्हाळा सरायच्या आत तिने आपल्या अंगणात खाट मांडली, चूल पेटवली, लुगडं पसरलं. एका बाजूला बसली, दुसरी रिकामी ठेवली आणि समोर तोंड करून भागाबाईला हाक मारली. पहिलीच हाक.

गल्लीने ती ऐकली. भागाबाई दारात उभी होती. तिने हात धुतले होते, पदर खोचला होता.